डाव्या हाताचा रंधा

१२ जानेवारी

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही हे पत्र फाडलं नाहीत, म्हणजे अर्धं काम झालं. घाबरू नका, रडगाणं गाणार नाही. मला स्वयंपाकघरात एक फळी लावायची आहे, एवढंच काम आहे.

तुमचे भाऊ जाऊन चौदा महिने झाले. शिवणाचं दुकान मी दिवाळं न काढता बंद केलं, कारण सुईत दोरा ओवायला आता दुसऱ्याचे डोळे लागतात. घरात बसून बसून भिंती पाठ झाल्या. ओट्याच्या वरचा कोनाडा रिकामा आहे, तिथे एक फळी बसली की डबे वर जातील. कोपऱ्यावरचा सुतार गेले तीन आठवडे ‘उद्या नक्की’ म्हणतोय. सुताराच्या घरात चाळीस वर्षं काढली आणि एका फळीसाठी परक्या सुताराच्या मिनतवाऱ्या करायच्या! माझं डोकंच फिरलं. रविवारी पलंगाखाली वाकले आणि मामंजींची हत्यारांची पेटी बाहेर ओढली.

तुमच्या वडिलांची पेटी. हो, तीच.

आता हसा. मापं घेतली माझ्या गळ्यातल्या टेपने. कोनाडा एकतीस इंच. लाकडावर खूण करताना जन्माच्या सवयीने दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच माया सोडली, शिवणीत जाईल म्हणून. बत्तीस इंचांची फळी कोनाड्याच्या तोंडाशी धरून मी दहा मिनिटं उभी होते, की ही आत का जात नाही! मग एक टोक कापलं, ते तिरकं झालं. ते सरळ करायला गेले तर दुसरं वाकडं वाटायला लागलं. शेवटी फळी एकोणतीस इंचांवर आली आणि माझ्या हातात राहिली.

वन्सं, एक करार करू. मी फक्त लाकडाचं विचारेन, तुम्ही फक्त लाकडाचं सांगा. बाकी एक अक्षर नको. सोबत कोरं कार्ड घातलंय, त्यावर तिकीट आणि माझा पत्ता आहे. तुम्हाला लिहायची एकच ओळ. करवत सरळ कशी चालवायची?

तुमची भावजय


३ फेब्रुवारी

वन्सं,

कार्ड आलं! पोस्टमनच्या हातातून मी ते जवळजवळ हिसकावलं, तो बिचारा चमकलाच. वर ‘प्रिय’ नाही, खाली सही नाही, तरी चार ओळी तुम्ही लिहिल्यात. ‘टेप फेक. पोलादी पट्टी आण. खूण पेन्सिलीने नको, सुरीने कर, करवत त्या चिरेत बसते. लाकूड उसवता येत नाही.’

शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. इतकी वर्षं चुकलं की उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, हाच माझा धंदा. आता कापण्याआधी पट्टी दोनदा ठेवते, मग हात जोडते, मग कापते.

नवी फळी बसली. एकतीस इंच, कोनाड्यात खट्कन. डबे ठेवले आणि संध्याकाळपर्यंत चार वेळा उगाच स्वयंपाकघरात जाऊन पाहून आले. मुलगा-सून पलीकडच्या गल्लीत राहतात, सूनबाई डोकावली आणि म्हणाली, ‘सासूबाई, अहो फळी आहे ती, पळून जायची नाही.’

मग हाव सुटली. आता बिनझाकणाची एक पेटी करतेय, बटणं आणि रिळं ठेवायला. भाजीवाल्याकडून खोकी आणली, त्यांच्या फळ्या सुट्या केल्या. गॅलरीत काम चालतं. खालच्या मजल्यावरची बाई दोनदा वर येऊन गेली, ‘काकू, तुमच्याकडे कुणी सुतार लावलाय का?’ मी म्हटलं, ‘लावलाय. फार वाईट काम करतो, पण स्वस्त आहे.’

अडचण अशी, की रंधा मारला की लाकूड गुळगुळीत व्हायच्या ऐवजी उचकटतं. चिंध्या निघतात. पातं बोथट आहे की मीच बोथट आहे?

कार्ड सोबत आहे. या वेळी दोन घातली आहेत, कारण पेटीनंतर खिळे ठोकून एक स्टूल करायचंय.

भावजय


२५ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही माझ्यासाठी किती नेमकं लिहिलंत हो. ‘कापडाचा उभा धागा आडवा धागा कळतो ना? लाकडालाही असतो. फळीच्या कडेला बघ, रेषा कुठे चढतात. चढाच्या दिशेने मार.’ दुसऱ्या कुणी हजार शब्दांत सांगितलं असतं तरी कळलं नसतं. मी फळी उचलली, कडेला पाहिलं, आणि खरंच की! फळी फिरवली, रंधा मारला, आणि लांबलचक पातळ सालपट निघालं. मी ते खिडकीपाशी धरलं तर पलीकडचं दिसत होतं. एकटीच मोठ्याने हसले.

पेटी झाली. एका कोपऱ्यातून उजेड दिसतो, तिथे बटणं ठेवत नाही.

आता स्टूल घेतलंय. साधं, चार पाय, वर एक फळी, खाली चार आडव्या पट्ट्या. मी आधी खिळेच मारणार होते, पण तुम्ही तिसऱ्या ओळीत दटावलंत, ‘खिळ्याचं स्टूल बसणाऱ्याला पाडतं. पायाला भोक पाड, पट्टीचं टोक तासून जीभ काढ, जीभ भोकात बसव.’ बसव म्हणे! पहिल्याच सांध्याला मला पाच दिवस लागले. जीभ जाड होती, आत जाईना. जरा तासली तर गळगळीत झाली. दुसरी पट्टी घेतली. दुसरीची जीभ तिरकी. तिसरीची बसली. बसल्यावर जो आवाज येतो ना, घट्ट, बारीक, तो ऐकून मला रडूच आलं. असं का झालं ते माहीत नाही, करारात बसत नाही, म्हणून सोडून देते.

काल एक उद्योग केला. वाचनालयात गेले आणि मोठ्या टेबलाखाली शिरले. त्रेसष्टाव्या वर्षी, गुडघे टेकून. सांधे मोजायला. अठ्ठावीस आहेत, वन्सं. एकातूनही उजेड दिसत नाही. सत्तावीस वर्षं लोकांनी त्यावर कोपरं टेकली, पुस्तकं आदळली, एक सांधा हललेला नाही. मी एकाला पाच दिवस घेतले आणि तिथे अठ्ठावीस.

ग्रंथपालांनी मला टेबलाखालून बाहेर येताना पाहिलं. मला वाटलं ओरडतील, तर ते खूश. म्हणाले, बरं झालं तुम्ही आलात, वाचनालयाला एप्रिलमध्ये पन्नास वर्षं होतात, त्या दिवशी या टेबलावर पितळी पाटी बसवणार आहोत, ‘हे टेबल घडवणारे’ म्हणून तुमच्या यजमानांचं नाव. तुमच्या मुलानेच सुचवलं. पाटीवरचा कपडा तुमच्या हस्ते काढायचा.

मी ‘बरं’ म्हटलं आणि घरी आले.

करार लाकडाचा आहे म्हणून इथेच थांबते. बाकीचे सांधे कसेबसे बसवून स्टूल उभं केलं, तर त्याचे तीन पाय जमिनीला टेकतात, चौथा हवेत. काय करू?

भावजय


११ मार्च

वन्सं,

आता करार मी मोडतेय. रागवा हवं तर, पण पूर्ण वाचा.

परवा पायांना रंधा मारत होते. तासाभराने उजव्या हाताचा अंगठा सोलला. रंध्याची मूठ टोचत होती. मी म्हटलं इतक्या वर्षांच्या रंध्याची मूठ अशी कशी, चष्मा लावला आणि नीट पाहिलं. मुठीला अंगठ्यासाठी खळगी आहे, पण ती उजव्या अंगाला. उजव्या हाताने धरलं तर अंगठा तिथे पोचतच नाही. सहज डाव्या हातात धरला. अंगठा बरोबर खळगीत बसला.

आमच्या घरात डावखुरं माणूस एकच होतं.

आधी वाटलं, तुम्ही वापरून वापरून झिजली असेल. पण वन्सं, मी शिंपीण आहे. झिजलेलं काय आणि मुद्दाम केलेलं काय, हे मला बोटाने कळतं. सदऱ्याची काख घामाने झिजते ती वेगळी आणि मी कात्रीने कोरते ती वेगळी. ही खळगी कानशीने घासलेली आहे, कडा काचकागदाने मऊ केल्यात. मामंजींनी स्वतःचा रंधा तुमच्या हातासाठी बदलला होता. स्वतः उजवे असून. म्हणजे ती पेटी कुणासाठी होती हे त्यांनी त्या लाकडावर लिहूनच ठेवलं होतं, आम्हाला वाचता आलं नाही.

आम्हाला कशाला म्हणू. मला. मला सगळं माहीत होतं.

ते टेबल तुमच्या भावाने केलेलं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ऑर्डर त्यांनी घेतली, मामंजी अंथरुणाला खिळलेले, ह्यांनी तीन पाय वाया घालवले आणि डोकं धरून बसले. तुम्ही काही न बोलता मागच्या खोलीत गेलात आणि दार लोटून घेतलंत. पाच आठवडे. मी दिवसातून तीनदा चहा नेऊन देत होते. तुमच्या केसांत भुसा असायचा. टेबल गेलं, वाहवा झाली, ह्यांच्या नावाने ऑर्डरी यायला लागल्या. तुम्ही पुन्हा ओट्याशी, भाजी चिरत. तुम्ही एका शब्दाने कधी म्हणाला नाहीत.

मामंजी गेल्यावर तुम्ही जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलंत. म्हणालात, ‘बाकी काही नको, पेटी मला द्या.’ ह्यांनी मान खाली घातली. आणि मी बोलले. ‘बाईमाणसाने पेटी नेऊन करायचं काय? शोभेला ठेवायची?’

मी. स्वतःच्या कात्रीवर घर चालवणारी बाई. दिवसभर मशीन चालवून त्याच हाताने पदर खोचून मी तुम्हाला हे विचारलं. तुम्ही हातातला कप खाली ठेवलात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने घर सोडून गेलात. सव्वीस वर्षं झाली. ह्यांच्या वेळी आलात ते दारात उभ्या राहिलात आणि पाणीही न घेता दुपारी परत. मी तुम्हाला अडवलं नाही. तोंड कुठलं दाखवणार होते?

वन्सं, माझं चुकलं. हे लिहायला मला एक फळी, एक पेटी आणि पाऊण स्टूल करावं लागलं. आधी मला वाटायचं, मी तुम्हाला एक वाक्य बोलले. आता एक सांधा केल्यावर कळतंय मी तुमच्याकडून काय घेतलं.

पाटी एकोणीस एप्रिलला आहे. मी काय करू ते सांगा. नाही, सांगू नका. फक्त लिहा.

भावजय


६ एप्रिल

वन्सं,

पंचवीस दिवस कार्ड नाही. पोस्टमन लांबूनच मान हलवायला लागला होता. मी स्टुलाला हात लावला नाही. काल कार्ड आलं.

‘अकरा वर्षांची होते. खळगी वडिलांनी एका दुपारी घासून दिली. उकरू नकोस. पाटी लागू दे. धाकटा वाईट नव्हता, गेलेल्या माणसाला खोटं पाडायचं नाही. चौथा पाय कापू नकोस, बाकीचे तीन किती उंच आहेत ते आधी बघ.’

या कार्डावर मी कालपासून बसून आहे. एवढ्या ओळींत तुम्ही मला पाय कापू नकोस म्हणून सांगितलंत! तुमचं हे असंच. स्वतःचं सगळं सोडायचं आणि दुसऱ्याचं स्टूल सरळ करायचं. मला तुमचा राग येतो, वन्सं. खरंच येतो. थोडं भांडला असतात तर मी कधीच शरण आले असते.

मुलाला सांगितलं. वाटलं होतं सांगू नये, पण मग सांगितलं. तो आधी हसला. मग माझ्याकडे पाहून थांबला. मग म्हणाला, ‘आई, बाबा जाऊन दीड वर्ष नाही झालं आणि तू त्यांचं नाव पुसायला निघालीस?’ मी म्हटलं, ‘नाव त्यांचं नव्हतंच रे.’ तो म्हणाला, ‘लहानपणापासून मी शाळेतल्या प्रत्येक पोराला तिथे नेऊन दाखवलंय, हे माझ्या बाबांनी केलं. आता काय सांगू त्यांना?’ आणि पायात चपला अडकवून गेला. जेवायला आला नाही. दोन दिवस फोन उचलत नाहीये. सूनबाई मधल्यामध्ये बिचारी, इकडे मला समजावते, तिकडे त्याला.

तुम्ही म्हणता उकरू नकोस. मुलगा म्हणतो पुसू नकोस. आणि मी एकोणीस तारखेला तो कपडा काढायचा, खाली खोटं नाव, आणि लोक टाळ्या वाजवणार. माझ्याने ते होणार नाही. तुमचं आजवर ऐकलं नाही, आता कशाला ऐकू? पण पोरगं तुटलं तर? एकच तर आहे. तेवढं एक मला सुचत नाही.

तीन पाय मोजले. एक पाव इंच जास्त होता. तोच तासला. स्टूल बसलं.

भावजय


२१ एप्रिल

वन्सं,

झालं. सगळं सांगते, मधे थांबवू नका.

वाचनालय भरलं होतं. खुर्च्या कमी पडल्या, लोक कपाटांना टेकून उभे. पोरगं आलं होतं, मागे, दाराशी, हाताची घडी घालून. माझ्याकडे बघत नव्हतं. ग्रंथपाल ह्यांच्याबद्दल छान बोलले, नम्र होते, शब्दाचे पक्के होते, आणि ते सगळं खरंच होतं. मग मला बोलावलं. टेबलाच्या कडेला पाटी, वर लाल कपडा.

मी कपड्याला हात लावला नाही. टेबलावर तळवा ठेवला. म्हटलं, ‘हे टेबल माझ्या नवऱ्याने केलं नाही. त्यांच्या बहिणीने केलं. मी पाच आठवडे तिला चहा नेऊन देत होते. खाली अठ्ठावीस सांधे आहेत, प्रत्येक तिच्या हातचा.’

वर्तमानपत्रं वाचायला रोज येणारे ते म्हातारे मास्तर आहेत ना, त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, ‘बाई, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?’

आणि वन्सं, तिथे माझ्या तोंडून ते निघालं, जे तुम्हाला अकरा मार्चच्या पत्रातही लिहिलं नव्हतं. मोठी कबुली दिली म्हणून टेंभा मिरवत होते आणि सगळ्यात वाईट तेवढं लपवलं होतं. तुम्ही गेल्यानंतर दोन वर्षांनी, एका दुपारी, हे कामावरून अवेळी घरी आले. म्हणाले, ‘मला गिळवत नाही हे. मी वाचनालयात जाऊन सांगतो, आणि पेटी ताईला देऊन येतो.’ पेटी हातात उचलली होती त्यांनी. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, ‘सांगा. आणि उद्यापासून ऑर्डरी कोण देणार? पोराची शाळा कशावर करायची?’ त्यांनी पेटी पलंगाखाली सारली. पुन्हा कधी उघडली नाही. पुढे विजेची मशीनं घेतली, हातहत्यारांना शिवले नाहीत. लोक म्हणायचे मिस्त्री फार अबोल झाले.

मास्तरांना मी म्हटलं, ‘ते सांगायला निघाले होते. मी सांगू दिलं नाही. घाबरले होते मी. आमचं घर त्या टेबलावर उभं होतं.’

तुम्ही लिहिलंत, गेलेल्या माणसाला खोटं पाडू नकोस. नाही पाडलं. खोटी मी होते, तेवढं सांगितलं.

टाळ्या नाहीत की काही नाही. ग्रंथपालांनी पाटीवरचा कपडा तसाच ठेवला, आणि म्हणाले, पाटी नवी करून घेऊ. मास्तर उठून टेबलापाशी आले, वाकून खालून हात फिरवला, आणि मान हलवत परत जाऊन बसले. मी वळून पाहिलं तर दाराशी पोरगं नव्हतं.

घरी आले. जेवण गेलं नाही. मनात म्हटलं, झालं, वन्सं गेल्या, हे गेले, आता हाही गेला, बस आता आपलं स्टूल घेऊन.

काल सकाळी दाराची बेल वाजली. तोच होता. दाढी वाढलेली. आत आला, पाणी प्यायला, म्हणाला, ‘तो रंधा दाखव.’ मी दाखवला. त्याने उजव्या हातात धरला, डाव्या हातात धरला. बराच वेळ अंगठा त्या खळगीत घालून बसला होता. मग विचारलं, ‘बाबा खरंच सांगायला निघाले होते?’ मी म्हटलं, ‘तुझी शपथ.’ तो रडला, वन्सं. ह्यांच्या वेळीसुद्धा एवढा रडला नव्हता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तर त्याने तो झटकला, आणि थोड्या वेळाने स्वतःच धरला. मला अजून माफ केलेलं नाही, आणि घाई करू नये हे मलाही कळतं.

मग म्हणाला, ‘आत्याचा पत्ता दे. पेटी मी नेऊन देतो. बाबांचं राहिलेलं काम आहे.’

तर तो उद्या दुपारी निघतोय, पेटी आणि हे पत्र घेऊन. सगळी हत्यारं पुसून, तेल लावून, जुन्या सदऱ्याच्या कापडात एकेक गुंडाळून दिली आहेत. रंधा सगळ्यात वर आहे. त्याला आत घ्या, वन्सं. तो तुमच्याशी पटकन बोलणार नाही, भावावर गेलाय. त्याला काम सांगा, म्हणजे मोकळा होईल.

मला आत घ्या असं मी म्हणत नाही. तुम्ही उकरू नकोस म्हणालात आणि मी चव्हाट्यावर उकरलं. कार्डंही संपलीत माझ्याकडची. हे शेवटचं पत्र म्हटलंत तरी चालेल. पण या चार महिन्यांत तुम्ही मला ज्या ओळी लिहिल्यात ना, तेवढा जीव कुणी लावला नव्हता मला, ह्यांच्यामागे. ते सांगायचं राहून जायला नको.

भावजय


२७ एप्रिल

वहिनी,

भाचा पोचला. पेटीने खांदा धरलाय, शेकायला सांगितलं. पहिला दिवस गप्प होता. दुसऱ्या दिवशी विचारलं, भोक आधी पाडायचं की जीभ आधी काढायची. म्हटलं, भोक. आता दोन दिवस अंगणात ठोकाठोकी चालू आहे. हात बरा आहे त्याचा, धाकट्यापेक्षा बरा.

टेबलाचं तू जे केलंस त्यावर मला अजून काय वाटतं ते ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा सांगेन.

पण एक तू चुकीचं धरून बसली आहेस. मला पेटीचा राग नव्हता. तसं वाक्य धाकटा बोलला असता तर मी दोन शिव्या घालून विसरले असते. ते तू बोललीस. ते पाच आठवडे धाकटा पुढे पायरीवर गिऱ्हाइकांशी बोलत बसायचा आणि मागे माझी करवत चालू असायची. लोकांना कळू नये म्हणून तू मशीनवर बसून पाय मारत राहायचीस. तासन्‌तास. तुला वाटायचं मला माहीत नाही. सुईत दोरा नसायचा, खाली कापड नसायचं. मशीन रिकामी चालली की आवाज वेगळा येतो. मी आत सांधे ठोकताना तो ऐकत असायचे आणि मला वाटायचं, या घरात माझं एक माणूस आहे. म्हणून लागलं ग.

सोमवारी भाच्याबरोबर येते आहे. किती दिवस राहणार ते विचारू नकोस.